वाचता न येणाऱ्या घरात पुस्तक आधी

परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यातलं ताडकळस हे आसपासच्या खेड्यांचं बाजारपेठेचं गाव. अशा गावातल्या स्टेशनरीच्या दुकानात तीन वर्षांच्या पोरासाठी पुस्तक मागितलं, तर दुकानदार अंकलिपी काढून देतो. आणखी काही दाखवा म्हटलं तर मुळाक्षरांचा तक्ता आणि गिरवायची वही. मोठ्या चित्रांचं, पानावर दोन-चार ओळींचं, लेकराला मांडीवर घेऊन वाचून दाखवायचं पुस्तक त्याच्याकडे बहुधा नसतं. गिऱ्हाईक ते मागत नाही, आणि असं पुस्तक मिळतं हेच ठाऊक नसल्यावर मागणार तरी कसं? दुकानदाराला बोल लावण्यात अर्थ नाही. आधी अक्षर, मग शब्द, मग वाक्य आणि सगळं जमलं तर शेवटी गोष्ट, हा क्रम पालक, गुरुजी आणि पुस्तकखरेदीच्या याद्या मंजूर करणारे साहेब या सगळ्यांच्या डोक्यात सारखाच पक्का आहे. त्याच क्रमातून आणखी एक समज रुजला आहे, की लहानग्यांना वाचून दाखवणं ही शिकल्यासवरल्या, पुण्या-मुंबईच्या घरांची हौस. माझं म्हणणं याच्या उलट आहे. सरकारच्या किंवा ग्रामपंचायतीच्या पैशातून चित्रपुस्तकं घ्यायची असतील, तर ती सगळ्यात आधी ज्या घरात वाचता येणारं मोठं माणूस नाही त्या घरात गेली पाहिजेत, आणि लेकराला पहिलं अक्षर येण्याच्या कितीतरी आधी.

अक्षरापासून सुरुवात करण्याचा क्रम आपल्याला काय देतो, हे आधी पाहू. मुलांना कितपत वाचता येतं हे तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये, करोनानंतर लगेचच, हे प्रमाण १६.३ टक्के होतं, म्हणजे सुधारणा झाली; तरी चारातली तीन मुलं मागेच आहेत. मुलं मागे का राहतात याचा शोध घेणारा एक मोठा अभ्यास आपल्याच राज्यात झाला. २०११ पासून काही वर्षं शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालघरच्या वाडा तालुक्यात मराठी आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये कन्नड शिकणारी मुलं पहिली ते तिसरी अशी पाठोपाठ पाहिली. वर्गातला बराचसा वेळ मुळाक्षरं, बाराखडी, फळ्यावरून उतरवून घेणं यातच जातो आणि अर्थाशी, गोष्टीशी, मुलाच्या स्वतःच्या बोलण्याशी त्याची गाठच पडत नाही, असं त्यात दिसलं. गंमत अशी, की एवढा वेळ घालवूनही अनेक मुलांची सगळी अक्षरं तिसरीपर्यंत पक्की झालेली नव्हती. अक्षरासाठी गोष्ट मागे ठेवली आणि अक्षरही धड आलं नाही, असा हा व्यवहार. बाराखडी नको असं कोणी म्हणत नाही. पण हे सगळं कशासाठी चाललं आहे हे ज्या मुलाला कधी दिसलंच नाही, त्याच्या दृष्टीनं ‘क’ला काना आणि ‘क’ला वेलांटी या सारख्याच निरर्थक रेघा आहेत. शाळेत येण्याआधी ज्यानं शंभर वेळा पान उलटलेलं असतं, त्याला निदान एवढं ठाऊक असतं की या रेघांच्या मागे कोणीतरी बोलत असतं.

आता प्रत्यक्ष काय घडतं ते जवळून पाहू. समजा, पानावर एक बाई हापशावर पाणी भरतेय, घागर काठोकाठ आलीय आणि शेजारी शेळीचं पिल्लू त्यात तोंड घालायला टपलंय. आजी विचारते, “काय करायली गं ही बाई?” दोन वर्षांची नात बोट ठेवून म्हणते, “पानी.” “व्हय, पाणी भरायली. कशात भरायली?” पोरगी घागरीवर बोट ठेवते, पण शब्द येत नाही. “घागर हाय ती. घागरीत भरायली.” दुसऱ्या दिवशी तेच पान उघडलं की ‘घागर’ आधी येते. चार-आठ दिवसांनी पोरगीच विचारते, “शेळी पानी पेली का?” चित्रात पिल्लू पाणी प्यालेलं नाही, नुसतं टपलेलं आहे. म्हणजे पोरीनं पानावर नसलेली पुढची गोष्ट स्वतः जुळवली. यात आजीला एकही अक्षर वाचावं लागलं नाही. तिला तीन साध्या गोष्टी कराव्या लागल्या: विचारणं, थांबणं आणि पोरीच्या एका शब्दाचं वाक्य करून तिच्या पदरात परत टाकणं. यातली थांबण्याची गोष्ट सगळ्यात अवघड. मोठ्या माणसांना, विशेषतः शिकलेल्यांना, उत्तर सांगून टाकायची फार घाई असते.

अशा वाचनाला शास्त्रीय आधार आहे, आणि तो बराच जुना आहे. १९८८ मध्ये ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यात दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना हीच पद्धत शिकवली; जेमतेम महिन्याभरात त्या मुलांचं बोलणं इतर मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे गेलं. ती सुखवस्तू कुटुंबं होती आणि मुलंही मोजकीच होती, त्यामुळे त्यावरून ताडकळससाठी निष्कर्ष काढणं घाईचं ठरलं असतं. पण पुढे हा प्रयोग गरीब वस्त्यांमध्येही झाला. केपटाऊनजवळच्या खायेलित्शा या वस्तीत दीड वर्षाच्या आतल्या बाळांच्या आयांना आठ आठवडे पुस्तक कसं ‘सोबत पाहायचं’ हे शिकवलं, तेव्हा बाळांची भाषा आणि एका गोष्टीवर लक्ष टिकवण्याची क्षमता दोन्ही वाढली. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. माझ्या मुद्द्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा अभ्यास मात्र केनियाच्या खेड्यांमधला आहे, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला. तिथे स्थानिक भाषेतली, स्थानिक जीवनावरची चित्रपुस्तकं घरी दिली आणि पालकांना थोडं प्रशिक्षण दिलं. ज्यांच्या घरी सांभाळणाऱ्या माणसाला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्या मुलांना साक्षर घरातल्या मुलांइतका तरी फायदा झालाच. काही बाबतींत तर जास्त झाला आणि आधीची दरी मिटली. निरक्षर घरात पुस्तक देऊन उपयोग काय, या प्रश्नाला याहून थेट उत्तर मिळणं कठीण आहे.

आणि हा प्रश्न आपल्याकडे पुस्तकी नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर होती, परभणी जिल्ह्याची सुमारे ७३ टक्के, आणि स्त्रियांची त्याहून बरीच कमी. त्याला इतिहास आहे. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता, वरच्या शिक्षणाचं माध्यम उर्दू, मराठी शाळा मोजक्या. पुढच्या पिढ्यांतल्या मुलींची शाळा कापूस वेचणीनं, धाकट्या भावंडांनी आणि लवकरच्या लग्नानं सोडवली. आज सोयाबीन काढायला, कापूस वेचायला आई रानात गेली की लेकरू ज्या आजीच्या कडेवर असतं, ती त्या जनगणनेतली निरक्षर बाई. ती लेकराला सांभाळते, भरवते, निजवते. फक्त त्याच्या ‘शिक्षणात’ तिचं काही काम आहे असं तिला आजवर कोणी सांगितलेलं नाही. उलट शाळेच्या पालकसभेत तिला अंगठ्यापुरतंच बोलावतात. चित्रपुस्तक हे पहिलं पुस्तक आहे जे तिच्या हातात देऊन म्हणता येतं, की हे तुम्हीच वाचायचं. ‘ज्योत्स्ना प्रकाशन’नं काढलेलं माधुरी पुरंदरे यांचं ‘चित्रवाचन’ यासारखी पुस्तकं तर चित्रं वाचण्यासाठीच केलेली आहेत. तिथे एम.ए. झालेला बाप आणि अंगठा उठवणारी आजी एकाच पायरीवर उभे असतात, आणि माझा अंदाज आहे की आजीच अधिक चांगलं वाचेल.

याच टप्प्यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. आजी जर इतकी चांगली गोष्ट सांगते, तर तिला पुस्तकाची गरजच काय? जनाबाईंचं गंगाखेड याच जिल्ह्यातलं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांमधून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या रचणाऱ्या बहुतेक बायांना अक्षरओळख नव्हती. अशा समाजाला छापील पुस्तकातून भाषा शिकवायला निघणं हा शहरी आगाऊपणा नव्हे का? तसा असता, जर पुस्तक गोष्टीच्या जागी आणलं असतं तर. पण ओव्या कशाच्या आधारानं जगल्या हे पाहा. त्या जात्याच्या आधारानं जगल्या. गावात पिठाची गिरणी आली, जातं माळ्यावर गेलं आणि ओवी गाण्याची वेळच उरली नाही. कोणी बंदी घातली नाही, कोणाची हौस संपली नाही. सांजच्याला लेकरं गोळा करून गोष्ट सांगण्याची वेळही टीव्हीनं आणि आता मोबाइलनं तशीच खाल्ली. बोलण्यासाठी निमित्त लागतं. पुस्तक ते निमित्त परत देतं. लेकरूच ते घेऊन येतं आणि मांडीवर टाकतं. शिवाय पुस्तकातली भाषा रोजच्या बोलण्याहून वेगळी असते. अमेरिकेत जेसिका मोंटॅग आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये शंभर चित्रपुस्तकांतली शब्दसंपत्ती आई-बापांच्या मुलांशी होणाऱ्या बोलण्याशी ताडून पाहिली, तर पुस्तकांत वेगवेगळे शब्द अधिक निघाले. नवल नाही. ये, बस, जेव, गप, पडशील, यात आपला दिवस जातो, तो शिकलेल्या घरातही जातो. आजीच्या गोष्टीत राक्षस असतो, राणी असते, सात समुद्र असतात. म्हणून ती गोष्ट आणि पुस्तक हे एकाच बाजूचे आहेत, आणि दोघांच्या विरुद्ध बाजूला ‘गप बस’ आहे.

मोबाइलचं काय, असं विचारणाऱ्यांना मी थोडक्यात उत्तर देईन, कारण हा वाद जितका गाजतो तितका तो खोल नाही. फुकट मिळणारी इंग्रजी बडबडगीतं लेकरू तासन् तास पाहतं, त्यातले रंग, आकडेही पाठ म्हणतं, आणि घरच्यांना ते शिकल्यासारखं वाटतं. पण मोबाइल थांबत नाही. ‘घागर’ हा शब्द आला नाही म्हणून व्हिडिओ खोळंबत नाही आणि ‘पानी’चं वाक्य करून देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत एक वर्षाखालच्या बाळाला पडदा अजिबात नको, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी फार तर एक तास, आणि बसल्या जागी करायचं ते मोठ्या माणसासोबत वाचन आणि गोष्ट, असं म्हटलं आहे. हातातला मोबाइल काढून घेण्याचा उपदेश मात्र निरुपयोगी आहे. चुलीपुढच्या बाईला पोरानं दहा मिनिटं एका जागी बसावं असं वाटतं, ही तिची खरी गरज आहे. त्या दहा मिनिटांसाठी दुसरं काही हाताशी असेल तर बोला.

हाताशी काय आहे? मराठीत चांगली चित्रपुस्तकं नाहीत, अशी तक्रार आता टिकत नाही. ‘ज्योत्स्ना प्रकाशन’ १९५० पासून उभं आहे आणि माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’सारख्या पुस्तकांनी मराठीत या प्रकाराची पातळीच बदलली. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या ‘नॅशनल बुक ट्रस्ट’ची मुलांची पुस्तकं मराठीतही निघतात. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रथम बुक्स’नं स्वस्त पुस्तकं अनेक भारतीय भाषांत आणली आणि २०१५ पासून ‘स्टोरीवीव्हर’वर ती मुक्त परवान्यानं ठेवली, म्हणजे कोणीही उतरवून घ्यावी, भाषांतर करावं, छापावी. यातली पुष्कळ पुस्तकं शंभर रुपयांच्या आत येतात. तक्रारीला जागा आहे ती वेगळ्या ठिकाणी. अनेक पुस्तकांतलं घर सदनिकेतलं असतं, आई पर्स घेऊन ऑफिसला जाते, बाल्कनीत कुंड्या असतात. आणि मराठी असते ती पुण्याची. ताडकळसच्या आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांवर लेकराच्या कानावर पडते ती बंजारा बोली, काही घरांत उर्दू, आणि ज्या घरात मराठी आहे तिथेही ‘करत आहे’ नसून ‘करायली’ असतं. हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्यातून पुस्तकच नको असं निघत नाही. पुस्तक आपल्या बोलीत सांगायची मोकळीक हवी, एवढं निघतं. छापलेलं वाक्य जसंच्या तसं वाचलं पाहिजे, नाहीतर लेकराची भाषा बिघडेल, ही भीती शाळेतून आलेली आहे. चित्रातलं शेळीचं पिल्लू ‘करडू’ म्हणून सांगा नाहीतर बंजारा बोलीत सांगा, त्याला काही फरक पडत नाही. मुक्त परवान्याच्या पुस्तकांना तर बोलीतला मजकूर चिकटवून ती जिल्ह्यातच छापून घेता येतील. १९९५ मध्ये परभणीत नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. बी. रघुनाथांच्या या जिल्ह्यात लेखक कमी नाहीत. तीन वर्षांच्या वाचकासाठी परभणीच्या बोलीत, परभणीच्या रानातली पुस्तकं त्यांनी का लिहू नयेत?

पुस्तकं घरापर्यंत न्यायची कशी? रस्ता तयार आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते काम कोसबाडला नेलं. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीनं त्याच्या अंगणात जावं, ही त्यांची कल्पना. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली, पण पोषण आहार, वजन-उंची आणि नोंदवह्या यांच्या ओझ्याखाली तिचं शिकवण्याचं अंग दुबळं राहिलं. आता सेविकेवर आणखी एक काम लादणार का, हा प्रश्न रास्त आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मानधन आणि पेन्शनसाठी राज्यातल्या सेविका संपावर गेल्या होत्या आणि तो संप दीड महिन्याहून अधिक चालला. तेव्हा पुस्तकाच्या नावाखाली नवं ॲप, नवी नोंदवही आणि ‘वाचन करतानाचा फोटो ग्रुपवर टाका’ असा आदेश निघणार असेल, तर पुस्तकं नकोतच. सेविकेनं करायचं ते एवढंच: घरपोच आहार न्यायला बाई येते तेव्हा मागचं पुस्तक परत घ्यायचं आणि दुसरं द्यायचं, आणि महिन्यातून एकदा त्या बायांसमोर एक पुस्तक उघडून दाखवायचं. असं काम खेड्यात होऊ शकतं याचे दाखले आहेत. मॅक्सिन बर्नसन यांनी फलटणला १९८४ मध्ये स्थापन केलेली प्रगत शिक्षण संस्था आणि वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याची ‘क्वेस्ट’ या संस्थांनी वाचायला शिकवताना बालसाहित्याला मधोमध आणलं. ‘क्वेस्ट’च्या ‘गोष्टरंग’मध्ये तर नट मुलांची पुस्तकं घेऊन शाळाशाळांत गोष्टी सादर करतात. राज्याच्या ‘बेबी केअर किट’मध्ये २०१९ पासून नव्या बाळासाठी कपडे, मच्छरदाणी, खुळखुळा असतो. त्यात धुता येईल असं एक चित्रपुस्तक टाकायला नवी योजना काढावी लागत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती कपाटात आहे. अनेक शाळांना पुस्तकं मिळालेली आहेत. ती डेडस्टॉक रजिस्टरला चढवून, शिक्का मारून कुलपात ठेवलेली असतात. गुरुजी वाईट असतात म्हणून नव्हे. बदली झाली की चार्ज द्यायचा असतो, एखादं पुस्तक कमी भरलं की पगारातून वसुली होईल ही धास्ती असते. दोन वर्षांचं मूल पुस्तक चावतं, पान फाडतं, त्यावर वरण सांडतं. अशा मुलाच्या हाती रजिस्टरला चढलेली वस्तू कोण देईल? त्यामुळे सहा वर्षांखालच्या मुलांची पुस्तकं ही खडूसारखी वापरून संपणारी वस्तू मानली पाहिजे, तसा लेखी आदेश निघाला पाहिजे, आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यानं किती फाटली याऐवजी कोरी किती राहिली हे विचारलं पाहिजे. उधळपट्टी म्हणाल तर हिशेब करू. पुस्तक साठ रुपयांना धरलं आणि एका अंगणवाडीला पन्नास दिली, तर तीन हजार रुपये. राज्यात साधारण एक लाख दहा हजार अंगणवाड्या आहेत. सगळ्यांना मिळून ३३ कोटी. दर तीन वर्षांनी सगळीच्या सगळी फाटली असं मानलं तरी वर्षाला ११ कोटी. मुंबईचा निर्णय होईपर्यंत गावानं थांबायचंही कारण नाही. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करावा लागतो, आणि तो कुठे गेला हे ग्रामसभेत विचारण्याचा हक्क प्रत्येक मतदाराला आहे. एका अंगणवाडीचे तीन हजार त्यातून निघू शकतात. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर रस्ता, नाली, पथदिवे यांच्या खाली हा विषय लिहून द्यायला सही पुरते, आणि अंगठाही चालतो.